फळ्यावर न लिहिलेला शब्द

नाहूर,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. शर्मिष्ठास,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या माणिकवहिनीचे गुडघे कुरकुरतात आणि त्यांच्या वतीने तीही. फोन सोडून दादा पत्र का लिहितोय म्हणून हसशील. फोनवर मी विषय बदलतो, ते तुला ठाऊक आहे.

रिटायर झालो तरी मास्तरकी सुटलेली नाही. लिफ्टजवळच्या सोसायटीच्या फळ्यावर रोज एक इंग्रजी शब्द लिहितो, अर्थ आणि मूळ देऊन. वर पाणी बंदची सूचना, खाली माझा शब्द. परवा पाचव्या मजल्यावरच्या गार्गीने विचारलं, रेफ्यूजी म्हणजे पळून आलेला ना? हो म्हणालो आणि घरी येऊन जाडा शब्दकोश काढला.

शमे, इतकी वर्षं मी पोरांना अर्धाच अर्थ शिकवला. धातू लॅटिन, पळण्याचाच. फ्युजिटिव्ह, म्हणजे फरारी, तोही त्यातलाच. पण रेफ्यूजी हा शब्द इंग्रजीत आला तो फ्रान्समधून धर्मापायी जीव वाचवून आलेल्यांसाठी, आणि तेव्हा त्याचा अर्थ होता आसरा मागणारा. घर सोडून पळालेला हा अर्थ पुष्कळ नंतरचा. खडू घेऊन खाली गेलो, पण लिहवेना. फळा तसाच ठेवला.

त्याच संध्याकाळी दर्शनाकडून कळलं की गुरुवारी तुझं ऑपरेशन आहे आणि नंतर महिनाभर तू तिच्याकडे कांदिवलीला राहणार आहेस. सख्खा भाऊ असताना मैत्रिणीकडे का, म्हणून मी चिडलो. माणिक शांतपणे म्हणाली, "तिने तुमच्याकडे का यावं?"

तू वांद्र्याचं सासर सोडून आलीस, त्या दुपारी आम्ही डोंबिवलीला गेलो होतो, असं मी तुला सांगितलं होतं. गेली होती फक्त माणिक. बेल वाजली तेव्हा मी रेडिओ ऐकत होतो. दाराच्या भिंगातून पाहिलं. तुझ्या हातात बॅग होती, ओठ सुजला होता. मागोमाग तो येईल, जिन्यात तमाशा होईल, चार लोकांत शोभा होईल, एवढंच मनात आलं आणि मी रेडिओ बंद केला. तू आणखी दोनदा बेल वाजवलीस. मग जिना उतरून गेलीस. रात्री त्याचा फोन आला तेव्हा "इथे नाही आली" असं ठणकावून सांगितलं, आणि आपण बहिणीला वाचवलं असं वाटून नीट जेवलोसुद्धा.

रेडिओ बंद झालेला तुला बाहेर कळला असणार. बावीस वर्षं तू आमच्याकडे येतेस, खुर्चीच्या कडेवर बसतेस, पाणी पितेस आणि निघतेस. कधी विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी पुन्हा खोटं बोललो असतो. मला लाज वाटते गं.

आतली खोली आवरून ठेवली आहे. दर्शनाकडे जायचं तर जरूर जा, त्या दिवशी दार तिने उघडलं होतं. सोबत लॅचची चावी पाठवतोय. कधीही आलीस तरी बेल वाजवू नकोस.

त्या दुपारी घरीच असलेला,
तुझा दादा
अनंत