किल्ली फिरवण्याआधी

बाबा, काल मी आपल्या गाडीचा टायमिंग बेल्ट स्वतः बदलला. 'आपल्या' म्हणतो, कारण तुमच्या शेवटच्या वर्षात परळच्या इस्पितळात जाता-येता तुम्ही माझ्या शेजारी बसत होता, आणि उभ्या आयुष्यात आपण जे मोकळेपणाने बोललो ते बहुतेक या गाडीतच. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, एवढ्या जुन्या इंजिनाला हात नाय लावत आपण. भंगारात द्या, टेन्शन मिटवा." त्याच्या युक्तिवादात गाडीचे वय होते, तुम्ही नव्हता, म्हणून निष्कर्ष मला मान्य झाला नाही. बेल्ट म्हणजे दातेरी रबरी पट्टा. इंजिनाचे खालचे आणि वरचे चाक तो एका तालात ठेवतो. तो ताल बिघडला तर आतले भाग एकमेकांवर आदळतात, आणि मग गॅरेजवाल्याचेच म्हणणे खरे ठरते.

शिवाजी पार्कच्या आमच्या इमारतीच्या आवारात मी जॅक लावून बसलो. खूण केल्याशिवाय बोल्ट सोडायचा नाही, ही तुमची शिस्त. गिरणीत यंत्रे दुरुस्त करताना तुम्ही खडू वापरत होता. मला घरात पांढरे असे एकच काही सापडले. तुमची सून गॅलरीतून ओरडली, "अहो, चाळीस वर्षं वकिली केलीत आणि आता माझं नेलपॉलिश चोरताय?"

"उसनं घेतलंय."

"मग इंजिनावरून खरवडून परत करा, वकीलसाहेब."

करी रोडच्या खोलीतला टेबलफॅन आठवतो? मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला होतो. फॅन खोलून साफ केला, जोडला आणि थेट बटण दाबले. पाते जाळीवर आपटून वाकले. तुम्ही नुकतेच पाळीवरून येऊन डबा धूत होता. "हातान फिरवून बघितलंस?" तुम्ही विचारलेत. मी म्हणालो, गरज नव्हती, सगळे बरोबर जोडले होते. "तुझा डोक्या बरोबर आसा. पण लोखंडाक ता कसा दिसतला?" एवढेच बोलून तुम्ही पाते ठोकून सरळ करू लागलात, आणि मी बराच वेळ माझी बाजू मांडत राहिलो. पाते सरळ झाल्यावर तुम्ही ते आधी हाताने फिरवून पाहिलेत, आणि मी मात्र वाद जिंकलो असे समजलो.

काल नवा बेल्ट चढवला, खुणा जुळल्या. आत बसून किल्ली लावली. जोडणीत मला दोष दिसत नव्हता. आणि बोटे किल्लीवर असतानाच तुमचा तो प्रश्न ऐकू आला, त्याच सुरात. मी उतरलो, गुडघे टेकले आणि पान्याने इंजिन हाताने फिरवले, दोन पूर्ण फेरे. खालची खूण जागेवर आली. वरची एक दात मागे. बेल्टला ताण देताना चाक सरकले असावे. मी तिथेच फरशीवर बसलो. कुणाचा हात सापडू नये म्हणून तुम्ही गिरणीत किती यंत्रे अशी आधी हाताने फिरवली असतील, हे मी तुम्हाला एकदाही विचारले नाही. साक्षीदारांना हजार प्रश्न विचारले, बाबा. तुम्हाला हा एक नाही.

बेल्ट उतरवून पुन्हा चढवला. पुन्हा दोन फेरे. या वेळी दोन्ही खुणा जागेवर. किल्ली फिरवली, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले आणि एकसुरी चालू राहिले. तुमची सून खाली आली, बॉनेटपाशी कान लावून उभी राहिली, खूश झाली. "एका दमात जमलं की हो तुम्हाला!"

"जमलं," मी म्हणालो.

हे पत्र टाकायला पत्ता उरलेला नाही. करी रोडच्या त्या खोलीच्या जागी आता टॉवर आहे. तरी नोंद असावी म्हणून लिहितो: तिला मी अजून खरे सांगितलेले नाही.