सायकलवरची माझी चादर

अहो,

मी धाकट्या बहिणीकडे चालले आहे. जेवण झाकून ठेवलं आहे. कितीही दमून आलात तरी गरम करूनच जेवा.

अंगणातल्या सायकलीची ताडपत्री फाटली, म्हणून काल तिच्यावर मी माझी चादर घातली होती. पहाटे सरावाला निघताना तुम्ही ती ओल्या फरशीवर टाकून गेलात. धुऊन वाळत घातली आहे, दव पडायच्या आधी घरात घ्या.

रुसून चालले नाही. दर रविवारी दिवसभर फाटकाकडे डोळे लावून बसण्यापेक्षा बहिणीशी चार शब्द बोलावेत, एवढंच. सत्तरीतला माणूस इतक्या लांब सायकल मारतो, याचं शेजारणींना भारी कौतुक. मलाही आहे. पण "तुम्हाला एकटीला करमतं कसं हो?" असं कुणी विचारलं, की मी विषय बदलते.

लग्नानंतर तुम्ही मला मागे बसवून तळ्यापर्यंत न्यायचात. चढ आला की म्हणायचात, "उतरू नकोस गं, तू बसलीस की मला जोर येतो." नव्या सायकलीला कॅरियरच नाही. दुकानदार म्हणाला होता, उगाच वजन वाढतं.

जुनी सायकल जिन्याखाली आहे. मी संध्याकाळच्या बसनं परत येईन. त्या सायकलीत हवा भरा आणि मला स्टँडवर घ्यायला या. चढ आला तर या खेपेला मी उतरेन. तुम्हीही उतरा, दोघं चालत येऊ.