फोटोतला हात माझा

४ नोव्हेंबर, मंगळवार
लग्नसराईचे ब्लाऊज डोक्यावर. दुपारी जेवून पाच मिनिटं मोबाईल घेतला, तिथंच घोटाळा.

जुनी नाणी विकणाऱ्या एका साईटवर मिरजेचा रुपया. फारसी अक्षरं, खाली ‘मुर्तजाबाद’, म्हणजे आपली मिरजच. वाटलं, वा, आपल्याकडच्यासारखाच दुसरा निघाला. मोठा करून बघितला तर काठाजवळ सराफानं मारलेली खूण, तीही आपल्यासारखीच. मग नाणं सोडून तळहात बघितला. त्यावर मेंदी. भाचीच्या लग्नातली, मधोमध फिसकटलेली, कारण ओल्या मेंदीनंच मी पाहुण्यांना पाणी दिलं होतं. अंगठ्याचं नख कात्रीनं गेलेलं.

हात माझा. रुपया माझा. मागं पिशवीवर दुकानाचं अर्धं नाव, ‘रेहाना लेडीज टे’, खाली ‘आष्टा’. चोरानं तेवढंही कापायचे कष्ट घेतले नाहीत.

कपाटातला नाण्यांचा डबा उघडून बघितला. रुपया आहे जागेवर. थोड्या वेळानं परत उघडून बघितलं.

खाली लिहिलं, ‘हा फोटो माझा आहे, नाणं माझ्या घरात आहे.’ त्यानं मला ब्लॉक केलं.

५ नोव्हें.
रफिकना सांगितलं. त्यांच्या टायरच्या दुकानात टायर उघडून बसले होते, मान वर केली नाही. “नाणं घरात हाय न्हवं? मग चोरलं काय त्यानं?”
“फोटो.”
“फोटो काय खायचाय त्याला?”
पंचवीस वर्षांचा संसार. बोलून उपयोग नसतो हे अजून शिकले नाही.

साईटला तक्रार केली. उत्तर आलं की तपासणी केली, नियमभंग आढळला नाही. कुणी तपासलं? माझा हात मला विचारून तपासला का?

चूक कुठं झाली ते कळतंय. गेल्या साली नाण्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. सन नीट लागत नव्हतं, अम्मीनं शिकवलेल्या उर्दूवर जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं, बाकीचं जाणकारांना विचारलं. तिथून उचलला असणार.

८ नोव्हें., शनि.
आज जाऊबाईच्या फोनवरून गिऱ्हाईक होऊन त्याला मेसेज केले. कुणीही नाणं घेताना विचारावं तेच विचारलं. वजन किती? कडेचा फोटो? काट्यावर ठेवून, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून व्हिडिओ? नाही पटलं तर परत घेणार का?

वजनाला उत्तर, ‘हंड्रेड परसेंट ओरिजिनल मॅडम.’
कडेला उत्तर, ‘म्युझियम पीस मॅडम.’
व्हिडिओला, ‘कॉइन बँक लॉकरमध्ये आहे.’ माझा रुपया याच्या लॉकरमध्ये!
परतीला, ‘दुसरी पार्टी तयार आहे, आधी पेमेंट टाका.’

ज्याच्या हातात नाणं असतं त्याला कड दाखवायला कितीसा वेळ लागतो? साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याच्या कडेला सांधा असतो, तो कानशीनं घासलेला दिसतो, म्हणून कड दाखवत नाहीत. आणि घाई करणारा विकणारा म्हणजे… जाऊ दे, माझंच मला काय सांगतेय.

सगळे मेसेज फोटो काढून ग्रुपवर टाकले, सावध राहा म्हणून. चौघांनी नमस्कार पाठवले. तिघांनी विचारलं, ‘ताई, मग तुमचं नाणं विकायचं आहे का?’

नाही. वितळायला निघालेल्या चांदीच्या ढिगातून सांगलीच्या सराफाकडून उचललंय ते. विकायला नाही उचललं.

१३ नोव्हें., गुरु.
आज शिवण बाजूला, आधी हे लिहिते.

अकराच्या सुमाराला दुकानात सुतारवहिनी माप द्यायला उभ्या. दारात एक म्हातारे. पांढरं धोतर, लाल फेटा, काखेत पिशवी. सत्तरीचे तरी असतील. चप्पल काढली, पण आत येईनात.
“रेहाना टेलर तुमीच का?”
“व्हय. कुणाचं शिवायचंय?”
“मलाच टोपी शिवून घातलीया तुमी,” म्हणाले. मग आत आले आणि मशीनच्या पाट्यावर नाणं ठेवलं. हळूच ठेवलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दहिवडीच्या पलीकडून, माणातनं, एसट्या बदलत आले होते. बिरू तात्या नाव. साईटवर माझा रुपया बघून पैसे धाडले, आणि आलं ते हे. विकणारा फोन उचलेना तेव्हा फोटोतल्या पिशवीवरचं नाव धरून आष्ट्याला आले, आणि स्टँडवर विचारत विचारत माझ्या दारात.

मी म्हटलं, “तात्या, मी तुम्हाला काही विकलेलं नाही.”
“हात तुमचा न्हाई?”
“हात माझाच आहे.”
“मग?”

सुतारवहिनी टेप गळ्यात तशाच. घरात जाऊन माझा रुपया आणला, त्यांच्या नाण्याशेजारी ठेवला. म्हटलं, मोबाईलवरचा फोटो काढा आणि तुम्हीच बघा.

चष्मा लावला. कितीतरी वेळ बघत होते. सराफाची खूण फोटोत आहे, माझ्या रुपयावर आहे, त्यांच्याजवळच्यावर नाही. त्यांच्या नाण्याची अक्षरं साबणाची वडी झिजावी तशी बुळबुळीत. उचलून बघितलं तर हलकं. कडेला बोट फिरवलं, तर सांधा बोटाला लागला.

तात्यांनी माझा रुपया तळहातावर घेतला, जरा वर-खाली केला. “ह्यो हाय,” एवढंच बोलले. मग खाली बसले, जमिनीवरच, स्टूल दिलं तरी.

पाणी दिलं, चहा दिला. मग बोलायला लागले. सगळा जन्म मुंबईच्या गोदीत ओझी उचलण्यात गेला. बोटींवरचे खलाशी कधी त्यांच्या मुलखाचं नाणं हातावर ठेवायचे, ते जमवत गेले. “त्या पोरांची बोली कळायची न्हाई, पर नाणं कळायचं,” म्हणाले. परदेशची नाणी डबाभर आहेत, पण आपल्या मुलखातलं एकही जुनं नाही. म्हणून हे घेतलं. आता पोरगा फोनवर म्हणतो, म्हातारा खुळा झालाय, याच्या हातातनं मोबाईल काढा.

जाताना माझी माफी मागितली. मला लाज वाटली. कशाची ते सांगता येत नाही.

तात्यांना म्हटलं, पुढं नाणं हातात घेऊन, वजन करून, कड बघूनच घ्या, आणि सायबर पोलिसांत तक्रार करायला बसवलं, इथनंच. नंबर मिळाला. नंबर मिळाला एवढंच.

१६ नोव्हें., रवि.
सकाळी सुतारवहिनींचा फोन. “रेहाना, हे बघ काय फिरतंय.”

माझ्याच फोटोवर पिशवीभोवती लाल गोल. खाली, ‘आष्ट्याच्या या टेलरबाईपासून सावधान. म्हाताऱ्या माणसांना खोटी नाणी विकते. पुढे पाठवा.’ आणि लोक कसलंही पुढे पाठवायला तयारच असतात. चोराबद्दल लिहिलं तर चार नमस्कार, माझ्याबद्दल लिहिलं तर अख्खा तालुका.

शेवटी तात्यांचं नाव आणि मुलाचा नंबर, म्हणजे मुलाचं काम. दत्ता नाव, पनवेलकडं असतो. बापानं खरं काय ते सांगायच्या आधीच टाकून मोकळा.

दुपारी, जिचे लग्नाचे ब्लाऊज माझ्याकडं होते त्या नवरीची आई आली. कापड परत द्या म्हणाली, अजून कापलं नसेल तर. कापलं नव्हतं. दिलं. कारण तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पातळ पिशवीत कोंबून घेऊन गेली, माझी दुकानाची पिशवी नको म्हणाली.

रफिक रात्री जेवताना, “विकून टाक सगळी नाणी. डबा गेला की कटकट गेली.”
“विकते म्हणूनच तर बोंब चाललीय माझ्या नावानं. आता खरंच विकू?”
त्यांनी आमटी परत मागितली.

१७ नोव्हें.
दत्ताला फोन लावला. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं, शिवी नाही, आवाज चढवला नाही. मग म्हणाला, “बरं ताई. पण मग तुमचा फोटो त्याच्याकडं गेला कसा?”
“मी ग्रुपवर टाकला होता.”
“म्हणजे तुम्हीच दिला की.”

फोन ठेवला. दिवसभर मनात उत्तरं देत होते, एकाहून एक. सगळी फोन ठेवल्यावरची. एका ब्लाऊजची बाही उलटी लावली, उसवली, परत लावली.

१८ नोव्हें.
तात्यांना फोन केला. त्यांना पोरानं काय केलंय ते ठाऊकच नव्हतं. वाचून दाखवलं. पलीकडं शेळ्या ओरडत होत्या.

“माज्या नावानं लिवलंय, आन् मला इचारलं बी न्हाई,” म्हणाले. मग, “ताई, आमचा दत्ता वाईट न्हाई वो. बाप फसला ह्याची त्याला शरम वाटतीया. ती कुणावर तरी काडाया पायजे.”
“मग माझ्यावर?”
“मी येतो.”
“कशाला परत एवढं लांब?”
“येतो म्हनलं न्हवं.”

२० नोव्हें., गुरु.
आले. इस्त्रीचा सदरा, नवा फेटा.

मी म्हटलं, सांगलीला जाऊ, ज्या सराफाकडून मी घेतला त्याच्यापुढंच दोन्ही नाणी ठेवू. एसटीची वेळ बघत होते तर रफिकनी आपल्या दुकानाचं शटर ओढलं. “बसा टेम्पोत.” तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. मी काही बोलले नाही, बोलले असते तर परत शटर उघडलं असतं. वाटेत रफिक तात्यांना म्हणाले, “आमच्या घरातली ही एक बाई, आन् हिची ही नाणी.” तात्या म्हणाले, “आमच्या घरात मी.” दोघं हसले. मी मागं सुट्या टायरवर बसलेली.

सराफ बापू म्हातारे झालेत आता, काट्याशेजारीच बसून असतात. मला ओळखलं. “त्या ढिगातल्या रुपयाची बाई.” दोन्ही नाणी काट्यावर ठेवली. माझा अकरा ग्रॅमच्या वर, तात्यांचा आठसुद्धा भरेना. मग कसोटीच्या दगडावर घासून बघितलं. तात्यांच्या नाण्यात चांदी नावालाही नाही.

“फोटो बघून नाणं घेऊ नये तात्या,” बापू म्हणाले. “घ्यायचंच झालं तर ज्याचं दार ठाऊक आहे त्याच्याकडून घ्यावं. उद्या खोटं निघालं तर दार तरी वाजवता येतं.”
“दार मी वाजवलं की,” तात्या म्हणाले. “चुकीचं वाजवलं.”

व्हिडिओ रफिकनी काढला. पहिल्यांदा अंगठाच मधे आला, परत काढला. तात्या सरळ मोबाईलकडं बघून बोलले, गोदीत मुकादमापुढं बोलत असतील तसं. मी लिहून ठेवतेय, कारण मला कुणी इतकं सरळ बोलेल असं वाटलं नव्हतं.

“मी बिरू. मला फसवला. ज्यानं फसवला त्याचं त्वांड मी बगितलं न्हाई. पर ह्या ताईचं बगितलंय. हिचा रुपया खरा हाय आन् ही बी खरी हाय. दत्ता, तू लिवलंस ते पूस. बाप खुळा न्हाई. बाप नुसता फसलाय, त्यात फरक असतोय.”

परतताना स्टँडवर सोडलं त्यांना. रफिक गाडी वळवताना म्हणाले, “माणूस चांगला हाय.” एवढंच. पण टेम्पोचं डिझेल कोण देणार वगैरे काही नाही. म्हणजे बरंच झालं.

२२ नोव्हें., शनि.
व्हिडिओ फिरतोय. ‘टेलरबाईपासून सावधान’च्या मानानं निम्मासुद्धा नाही, पण फिरतोय. दत्तानं मेसेज पुसला. मला नुसते जोडलेले हात पाठवले. शब्द एक नाही. चिडून मीही काही लिहिलं नाही, मग वाटलं, बापाचं ऐकलं तरी.

नवरीची आई आली नाही. तिचं कापड स्टँडमागच्या टेलरकडं टांगलेलं बघितलं. गळा त्यानं खोल कापलाय.

संध्याकाळी साईट उघडली. उघडायलाच नको होती. नवीन नाव, नवीन खातं, फोटो तोच. पिशवी कापलीय या वेळी. आमच्या सगळ्या बोंबाबोंबीतून एक माणूस काहीतरी शिकला, तो हा. परत तक्रार केली. आता वाट बघायची, नियमभंग आढळला नाही म्हणून.

खाली कुणीतरी विचारलंय, ‘फायनल किती?’ त्याला निरोप धाडला, घेऊ नका, कडेचा फोटो मागा. त्याचं उलट उत्तर, ‘तुम्हाला पाहिजे म्हणून मला अडवताय का?’

२५ नोव्हें., मंगळ.
बाह्या लावत होते, तात्यांचा फोन. ख्यालीखुशाली झाली. बकऱ्या, थंडी, गुडघा. दत्ता बोलतो का विचारलं. “बोलतोय, जरा बेतानं,” म्हणाले. मग घसा खाकरला.

“ताई, बापू काय म्हनले ते डोक्यातनं जाईना.”
“काय म्हणाले?”
“दार ठाव असंल त्याच्याकडनंच घ्यावं. आन् तुमी बी म्हनला हुता, हातात घ्यावं, वजन करावं, कड बगावी. मी हातात घेतलाय. वजन माज्याम्होरं झालंय. कसोटी लागलीया. दार बी ठाव हाय.”
मी हातातली बाही खाली ठेवली.
“असं समद्या बाजूनं खातरीचं नाणं मला एकच म्हाईत हाय. तुमी रीतसर सांगा काय ते. मी घासाघीस करनार न्हाई.”

सगळे नियम माझेच, त्यांनी एकूण एक पाळलेले. दिलं तर दत्ता म्हणेल, बघा, शेवटी विकलंच. गावही म्हणेल. न दिलं तर हा माणूस परत मोबाईलवर शोधत बसणार, आणि परत कुणीतरी लॉकरवाला भेटणार. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी रुपया मला द्यायचा नाही. मला तो हवाय. त्याला कारण नाही. त्यांना हवाय त्यालाही कारण नाही, म्हणून तर जास्त त्रास होतोय.

“ताई? ऐकाय येतंय न्हवं?”
“आवाज तुटतोय तात्या,” म्हटलं. “मी करते परत.”

आवाज तुटत नव्हता. मागची शेळीसुद्धा ऐकू येत होती.