लॉर्डच्या भिंतीवरचा काजू

अब्बा, त्या काजूबद्दल तुम्ही मला गप्प राहायला सांगितलं होतंत. मी राहिले नाही. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, आता रागवायलाही तुम्ही नाही, तेव्हा सगळं सांगूनच टाकते.

विलायतेत कुणा लॉर्डचं जुनं घर पाडलं आणि त्याच्या जेवणाच्या दालनातल्या ओकच्या कोरीव फळ्या इथे आखातातल्या अल ऐनच्या एका श्रीमंत अरबाने विकत घेऊन पेट्यांतून आणवल्या. त्या त्याच्या बंगल्यात बसवायचं काम तुमच्या वर्कशॉपला मिळालं, तेव्हा मी सातवीत होते. अल ऐनच्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसलं आणि एक फळी उभी चिरली. बाकीच्या फळ्यांवर नुसती ओकची पानं, फळ होतं ते नेमकं हिच्यावर. तशीच नवी कोरायला कामावर देखरेख करणाऱ्या इंग्रज साहेबाने तुमच्याकडे दिली. तुम्ही ती घरी आणलीत. अम्मी सुरमई तळते आहे, तुम्ही स्वयंपाकघरात चटई टाकून पटाशी चालवताय, आणि जुन्या फळीवरचं फळ इतकं झिजलंय की आकारच कळत नाही. ओकचं झाड तुम्ही जन्मात पाहिलेलं नाही. तुमच्या हाताला माहीत होता रत्नागिरीचा काजू. तुम्ही झकास बोंडू कोरलात आणि खाली वाकडी बी.

"अब्बा, दॅट्स अ काजू," मी म्हणाले. "माझ्या रीडरमध्ये ओकचं चित्र आहे. त्याचं फळ टोपी घातलेल्या सुपारीसारखं असतं."

"तू झाड पाह्यलंस?"

"नो, बट..."

"मग गप बस. लाकूड मला शिकवू नकोस."

मग हळूच तुम्हीच पुस्तक मागितलंत. खूप वेळ बघितलंत. फळी सकाळी बसवायची होती, दुसरं लाकूड नव्हतं. बसवलीत. साहेब "व्हेरी गुड" म्हणाला. घरी येऊन तुम्ही मला एवढंच म्हणालात, "कुठं बोलायचं नाही." त्यानंतर तुम्ही मला कधी त्या बंगल्यावरून नेलं नाहीत.

तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी त्या बंगल्याचं गेस्ट हाऊस झालं आणि मला तिथे रिसेप्शनवर नोकरी लागली. पाहुण्यांना द्यायला एक गुळगुळीत पत्रक निघालं, त्या विलायती घराचं आणि त्यातल्या माणसांचं. लॉर्ड होता, त्याची बायको, बटलर, माळी, घोडे सांभाळणारासुद्धा. काजूबद्दल लिहिलं होतं की लॉर्डचं तरुणपण हिंदुस्थानात गेलं, त्या आठवणीसाठी त्याने तो मुद्दाम कोरून घेतला. लोक फळीसमोर उभे राहून हळहळायचे. तुम्ही कुठेच नव्हता.

एके दिवशी एक बाई त्या बोंडूवरून हात फिरवत होती आणि माझ्याने राहवलं नाही. मी म्हणाले, हे माझ्या वडिलांनी कोरलंय, त्यांनी ओक पाहिलेला नव्हता. मॅनेजरने मला आत बोलावलं. "गेस्ट लॉर्ड के लिए आते हैं, कारपेंटर के लिए नहीं. ये टॉपिक खलास." मी म्हणाले, "मैं तो बोलूँगी. निकालना है तो निकालो." आणि येईल त्या पाहुण्याला सांगत राहिले. दोन महिन्यांनी त्याने काढलं. काढू दे. चूक होती, अब्बा, मला कबूल आहे, पण तुमची होती. या देशात तुमच्या मालकीचं दुसरं होतं काय? घर कंपनीचं, व्हिसा कफीलच्या, त्या अरबी जामीनदाराच्या, मर्जीचा. ती एवढीशी चूक मी कुणा लॉर्डला का देऊ? पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा सांगेन, तुम्ही कितीही डोळे वटारलेत तरी.

एक सांगायचं राहिलं. ते आहे म्हणूनच हे पत्र कुणाला न दाखवता तुमच्या पटाशीखाली ठेवून देणार आहे. पत्रक तयार करताना मॅनेजरने ऑफिसात सगळ्यांना विचारलं होतं, इथे काजू कुठून आला? माझा नोकरीचा दुसराच आठवडा होता. सुताराची मुलगी म्हणून सांगायची मला लाज वाटली. लॉर्डची ती हिंदुस्थानातली गोष्ट मीच रचून दिली होती.