फोनला सांगितलेलं नाव

मंगळवार, संध्याकाळ

आज मी ह्यांचं नाव घेतलं. उखाण्याशिवाय, आणि चांगलं मोठ्यानं. अजून कान गरम आहेत.

मुक्तानं नवा फोन दिलाय. नुसतं नाव सांगितलं की तो फोन लावतो. लेकीनं ह्यांचा नंबर ‘बाबा’ म्हणून ठेवायचा, तर ठेवलाय ‘मधुकर’. मुद्दाम? विचारायला हवं तिला. हे टेकडीवर फिरायला गेलेले, माझे हात कणकेत आणि घरात कोथिंबीर नाही. ओट्यावरच्या फोनला म्हटलं, “अहोंना फोन लाव.” त्याला कळेना. “मुक्ताच्या बाबांना लाव.” तरी नाही. चाळीस वर्षं एवढ्यावर तर भागलं माझं!

मग म्हटलं, मधुकर. इतकं हळू की फोनलाही ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना फोनचं भानच राहिलं नाही. लग्नानंतर खडकवासल्याला पाण्यात पाय सोडून बसलो होतो, तसं काहीतरी वाटायला लागलं. मधुकर.

“ओ,” दारातून आवाज आला. हे चपला काढत उभे. कधीपासून?

मी मान खाली घालून कणीक मळत राहिले. हे सरळ हातपाय धुवायला गेले. एरवी टोमणा चुकत नाही. चहा झाल्यावर म्हणाले, “माझा फोन सापडत नाहीये. जरा लाव बघू. हातानं नको, तसाच लाव, बोलून.”

फोन ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. मला स्वच्छ दिसत होता.

तरी मी लावला.