बंपरचा डावा कोपरा

३ नोव्हेंबर

फाटकाला ठोकली. मी!

आमच्याच फाटकाच्या खांबाला, सकाळच्या लख्ख उन्हात. घाई नव्हती, मध्ये कुणी आलं नाही, काही नाही. रोजच्यासारखी गाडी बाहेर काढून वळवत होते आणि एकदम तो आवाज — दाताखाली खडा यावा तसा. उतरून बघितलं. लाल बंपरचा डावा कोपरा आत दबलेला, आणि तिथून थेट नंबरप्लेटपर्यंत पांढरा ओरखडा.

अर्ध्या गावाला गाडी शिकवलीय मी. "मॅडमकडे शिकलीस ना? मग बिनधास्त जा," असं लोक एकमेकांना सांगतात. आणि मॅडम स्वतःच्या खांबाला जाऊन धडकल्या.

पण खरी गोष्ट ही नाही. खरी गोष्ट ही की खांब मला दिसलाच नाही. आवाज आल्यावरसुद्धा नाही. मान पूर्ण वळवली तेव्हा दिसला — कुणी आत्ता आणून उभा केल्यासारखा.

हे आतून ओरडले, "काय पडलं गं?"

"काही नाही, रंगाचा डबा!"

गाडी मागे घेतली. शेडमध्ये लावून वर कव्हर टाकलं. 


४ नोव्हेंबर

गॅरेजमध्ये नेणार नाही. गॅरेजवाला माणूस चांगला, पण पोटात काही राहत नाही त्याच्या. माझे निम्मे विद्यार्थी तोच पाठवतो. संध्याकाळपर्यंत सगळीकडे — मॅडमनी ठोकली!

आणि ही गाडी घेतली तेव्हा कमी का बोलले लोक! "या वयात स्पोर्ट्स कार?" "दोनच सीट? पाहुणे कुठे बसवणार?" लेक तर फोनवर हसतच सुटली होती — "आई, आता गॉगलपण घे." घेतला मी गॉगल. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारत बसले. एक गाडी अशी हवी होती की जिच्यात शेजारी शिकाऊ माणूस नसेल.

शेजारी हे असतात. ह्यांना गाडी येत नाही. मीच शिकवायला घेतलं होतं, लग्न झाल्या झाल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तू ठरव, नवरा हवा की विद्यार्थी." तेव्हापासून डावीकडच्या सीटवर बसतात, गोळ्या चघळत, आणि दर वळणाला मलाही एक देतात. शाळेत भूगोल शिकवला आयुष्यभर, पण रस्ता एक लक्षात राहत नाही.

तर — घरीच करायचं. किरकोळ काम आहे. प्लास्टिकचा बंपर, छोटा पोचा, एक ओरखडा. हे सगळं होताना शंभरदा बघितलंय.


६ नोव्हेंबर

पोचा निघाला!

आधी साबणाच्या पाण्याने बंपर धुतला. मग मोठ्या पातेल्यात पाणी उकळवलं, हातमोजे घातले, आणि कोपऱ्यावर हळूहळू ओतत राहिले. प्लास्टिक मऊ झाल्यावर चाकाच्या बाजूने आत हात घातला आणि तळव्याने बाहेर ढकललं. टक्! आला जागेवर. लगेच गार पाणी. एकटीच टाळ्या वाजवल्या शेडमध्ये.

ह्यांना सांगून टाकलं. सांगावंच लागलं, पातेलं त्यांच्या स्वयंपाकातलं होतं. रागावले नाहीत. म्हणाले, "खांबाला लागलं नाही ना फार?"

पण जेवताना हळूच — "माझ्यावर रुसलीयस का?"

"मी? कशाला?"

"गेल्या आठवड्यात गाडीत गोळी धरली होती तुझ्यापुढे. किती वेळ धरली. बघितलंसुद्धा नाहीस. शेवटी मीच खाल्ली."

मी म्हटलं, लक्ष नव्हतं.

लक्ष होतं. गोळीच नव्हती. म्हणजे, मला नव्हती.


८ नोव्हेंबर

आज भीती वाटली. खरी.

सकाळभर ओरखडा पॉलिश पेपरने घासला. आधी जाडा, मग बारीक, मग पाण्यात भिजवून अगदी मऊ. मग पुट्टी भरली. पातळ थर, पात्याने ओढून. सुकली, पुन्हा घासली. बोट फिरवलं तर लोण्यासारखं. मागे सरकून बघितलं — काम चोख. स्वतःवर खूश होऊन ह्यांना हाक मारली.

हे आले, चष्मा वर केला. "छान झालंय की. बाकीचं उद्या करणार?"

"बाकीचं कुठलं?"

"हे नंबरप्लेटकडचं."

मी गाडीच्या तोंडासमोर बसले होते. कोपरा माझ्या उजव्या हाताला, नंबरप्लेट डाव्या हाताला. मान वळवली. अर्धा ओरखडा तसाच! हात न लावलेला, पांढरा, एवढा ढळढळीत. तीन तास मी त्याच्यापुढे मांडी घालून बसले होते.

"हो, उद्या," म्हटलं. आवाज नेहमीसारखा निघाला. कसा निघाला कुणास ठाऊक.


९ नोव्हेंबर

अंघोळीच्या वेळी बघितलं. डाव्या खांद्यावर निळा डाग. त्याच्याखाली एक जुना, पिवळा पडलेला. दाराच्या चौकटी. कपाट. मी म्हणत होते, धांदरट झालेय हल्ली.


११ नोव्हेंबर

लिहू की नको?

क्लासच्या गाडीत बँकवाली होती. बँकेत काम करते, फार हुशार, पण स्टीअरिंग असं धरते की जणू ते पळून जाणार आहे. मी नेहमीसारखी डावीकडच्या सीटवर, पायाखाली माझा वेगळा ब्रेक. दवाखान्यापाशी वळण घ्यायचं होतं. मी म्हणत होते, "आता सोड क्लच, हळू, रस्ता मोकळा आहे —"

तिने करकचून ब्रेक मारला.

बाबागाडी. एक बाई, पुढे बाबागाडी, अगदी आमच्या बंपरला टेकेल इतकी जवळ. डावीकडच्या फुटपाथवरून उतरली होती. ती बाई नुसती बघत राहिली माझ्याकडे. बँकवालीकडे नाही, माझ्याकडे. तिला वाटलं असणार, मोठी तर ही आहे गाडीत.

बँकवाली घामाघूम. "मॅडम, तुम्ही मोकळा म्हणालात!"

आणि मी काय म्हणावं? "तुझी परीक्षा घेत होते. शिकवणाऱ्यावरसुद्धा विश्वास ठेवायचा नाही. स्वतः बघायचं."

तिला पटलं! कौतुकाने मान डोलावली तिने. म्हणाली, "बाई गं, हे मी जन्मात विसरणार नाही."

घरी आले आणि ओकले.


१२ नोव्हेंबर

सगळे क्लास बंद. सगळ्यांना सांगितलं, सर्दी.


१४ नोव्हेंबर

राहिलेला ओरखडा घासून घेतला. डोळ्यांनी नाही, बोटांनी. हात नंबरप्लेटपासून सुरू करायचा आणि खरखर लागेल तिथे थांबायचं. अवतीभोवती चिकटपट्टी लावली, दिवे नि जाळी वर्तमानपत्राने झाकली, प्रायमर मारला. करडा. कोपरा आजारी दिसतोय.

मग शेडचं दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसले. समोरच्या खिळ्याकडे टक लावली. उजवा हात कानापासून हळूहळू पुढे आणला — बोटं लगेच दिसली. मग डावा. कानापासून निघाला. पुढे आला. अजून पुढे. नाही. नाही. पार नाकासमोर आला तेव्हा कुठे अंगठा उगवला.

तिथे काळोख नाही. काळोख असता तर कळलं असतं की काहीतरी झाकलंय. तिथे काहीच नाही. आपल्या पाठीमागे कसं दिसतं? दिसतच नाही, आणि दिसत नाही असंही वाटत नाही. तसं. माझी पाठ पुढे यायला लागलीय.

एक डोळा झाकून बघितलं. मग दुसरा. दोन्हींत तेच.

ह्यांना सांगणार नाही. सांगितलं की ते खरं होईल.


१५ नोव्हेंबर

सांगितलं. म्हणजे, झालं तसं.

ओट्यापासून वळले ती सरळ ह्यांच्यावर गेले. हातात चहाचे दोन कप होते त्यांच्या. सगळा चहा मनगटावर. हे ओरडले नाहीत, पण चेहरा पडला. नळाखाली हात धरून म्हणाले, "काय चुकलंय माझं, एकदा सांग तरी. आठवडाभर मी समोर असून नसल्यासारखा."

"तुम्ही दिसत नाही मला."

"ते तर लग्नापासून ऐकतोय," म्हणाले. हसायचा प्रयत्न.

"अहो, नाही हो. खरंच दिसत नाही. इकडून." आणि मी डाव्या बाजूला हात केला, आणि हात गेला. माझा हात, माझ्याच डोळ्यांदेखत.

नळ तसाच वाहत राहिला. मग त्यांनी तो बंद केला, माझ्या उजव्या बाजूला आले आणि म्हणाले, "चप्पल घाल."

"रविवारी कोण भेटणार?"

मग आठवलं की आज शनिवार. तरी नाही भेटलं कुणी. सोमवारची वेळ मिळाली.


१७ नोव्हेंबर

डोळ्यांची डॉक्टर लेकीच्या वयाची. पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं, हातात बटण दिलं. "मधल्या ठिपक्याकडे बघायचं, कुठेही उजेड चमकला की दाबायचं." मी दाबत होते. मध्येच बराच वेळ उजेड येईना. म्हटलं यंत्र बिघडलं. यंत्र चालू होतं.

कागद बाहेर आला. दोन वर्तुळं, दोन्हींची डावी बाजू काळी. पट्टीने रेघ मारावी तशी.

"काकू, डोळे छान आहेत तुमचे," ती म्हणाली. मी श्वास सोडला. "दोन्ही डोळ्यांना एकाच बाजूचं दिसत नाहीये. म्हणजे त्रास डोळ्यांच्या मागे आहे. डोक्याचा फोटो काढू या. उद्याच."

उद्याच. 

रिक्षाने घरी आलो. ह्यांनी पहिल्यांदा मला रस्ता दाखवला.


२० नोव्हेंबर

गाठ आहे. उजवीकडे, मागच्या बाजूला, सुपारीपेक्षा मोठी. मेंदूत नाही, त्याच्या आवरणावर. बाहेरून दाबत बसलीय. सर्जन म्हणाला, दिसायला तरी साधी दिसते, हळू वाढणारी, वर्षानुवर्षांची. काढावी लागेल.

हे वहीत प्रश्न लिहून घेऊन गेले होते. एकही विचारला नाही. मीच विचारलं, "परत दिसेल?"

"दाब गेला की बऱ्याचदा येतं. कधी लगेच, कधी हळूहळू. कधी नाही. आज शब्द देत नाही मी."

"आणि नुसतीच राहू दिली तर?"

"तर उरलेलंही जाईल."

लेकीला फोन केला. हसली नाही. तेव्हा मला कळलं, किती मोठं आहे ते.


२१ नोव्हेंबर

मरायची भीती नाही वाटत एवढी. जागी होईन आणि शब्द नसतील, ह्याची वाटते. ह्यांना काय म्हणायचं ते आठवणार नाही, ह्याची.


२३ नोव्हेंबर

मी म्हटलं, गाडी अशी करड्या तोंडाची ठेवून मी दवाखान्यात जाणार नाही. "मग रंगव," हे म्हणाले. म्हटलं, तुम्ही रंगवा, मी सांगते.

दाराच्या आतल्या पट्टीवरचा रंगाचा नंबर देऊन तंतोतंत तोच लाल आणला होता मी. ह्यांच्या तोंडाला फडकं बांधलं, हातात स्प्रे दिला, आणि मी स्टूल घेऊन बसले. क्लास सुरू!

"डबा हलवा आधी. अजून. वीतभर लांब धरा. एका जागी थांबायचं नाही, हात चालता ठेवा. घाई नको — घाई नको म्हटलं ना! आता सुकू द्या. दुसरा थर नंतर."

"तू सगळ्यांवर अशीच ओरडतेस?"

"पैसे देणाऱ्यांवर नाही ओरडत."

पहिल्या थराला एक ओघळ आला. दोघंही बघत बसलो त्या ओघळाकडे, काय करावं कळेना. सुकल्यावर घासला, पुन्हा मारला. त्यांच्या डाव्या बुटावर लाल ठिपके, कानावर लाल. शेवटी वरून चकाकीचा पारदर्शक थर. तो मारताना हात स्थिर होता त्यांचा. अगदी स्थिर. 

चिकटपट्टी काढून झाल्यावर मान वळवून वळवून बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. शेजारच्या लालपेक्षा किंचित गडद आहे. ज्याला माहीत आहे त्यालाच दिसेल.

मग हे स्प्रे ठेवायला म्हणून शेडच्या मागे गेले ते आलेच नाहीत. बघायला गेले तर भिंतीकडे तोंड करून उभे. खांदे हलत होते. मी हाक न मारता परत फिरले.


२७ नोव्हेंबर

बॅग भरली. लेक आलीय. घरभर दिवे लावत फिरते, दिवसासुद्धा. मला फार भीती वाटतेय. कुणाला सांगू? सगळे माझ्याकडे बघूनच घाबरतात. "मी शिकवताना काय सांगते," असं मी त्यांना सांगते, "भीती वाटली तर पाय ब्रेकवर ठेवायचा." इथे ब्रेक कुठे आहे?


३० नोव्हेंबर

डोक्याचे मागचे केस काढले. सकाळी नेतील. हात धरून बसलेत हे. उजवा.


६ डिसेंबर

आज बसून लिहायची परवानगी मिळाली. अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

त्या दिवशी डोळे उघडले. छत. पांढरा दिवा. नर्सने सांगितलं, हलू नका, म्हणून मान वळवली नाही. हे माझ्या डाव्या बाजूला उभे होते.

मी म्हटलं, "अहो, दाढी का नाही केली?"

हे तिथेच जमिनीवर बसले.