पलीकडचा काठ

विशाखापट्टणम,
२८ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांना चिन्मयीचा नमस्कार.

आम्ही ठीक आहोत. आईची औषधं वेळेवर चालू आहेत. मी बँकेत असते तेव्हा घरमालकीणबाई तिच्यापाशी बसतात. फोनवर तुम्ही “अच्छा, ठीक” म्हणून लगेच ठेवून देता, म्हणून लिहिते आहे.

जागा कशी आहे, असं विचारलं होतंत. घर टेकडीच्या उतारावर आहे. खालच्या घराची गच्ची आमच्या अंगणाच्या उंचीला येते. गल्ली इतकी चढाची, की सामान असेल तर रिक्षावाले कुरकुरतात. पायथ्याशी कोळ्यांची वस्ती. वाळत घातलेल्या मासळीचा वास वरपर्यंत येतो. आईला तो सहन होत नाही, पण समुद्र आवडतो.

समुद्र नाही. जेवणाच्या टेबलावर मला लिहायला शिकवताना तुम्ही म्हणायचात, खरं असेल तेच लिही. तर खरं असं, की आई त्याला नर्मदाजी म्हणते. बंदरात शिरायची वाट पाहणारी जहाजं संध्याकाळी दिवे लावतात, तो तिला नदीचा पलीकडचा काठ वाटतो, आपल्याकडे ग्वारीघाटावरून दिसतो तसा. ती अंगणात पणती ठेवते आणि मला म्हणते, “काहून थांबवून राहिलीस? नाववाल्याला आवाज दे ना.”

परवा तिनं एका रिक्षावाल्याला गाठलं. “भैया, उस पार चलोगे?” त्यानं तिला बसवलं, टेकडीला एक चक्कर मारली आणि दारात आणून सोडलं. आई चिडली, “इसने तो इसी पार उतार दिया!” मला हसू आलं, आणि हसल्याचं दिवसभर वाईट वाटत राहिलं.

हा समुद्र आहे, असं मी तिला सांगितलेलं नाही. चुकतंय का, कळत नाही.

आणखी एक. ती मला ओळखते, असं मी फोनवर म्हणाले होते. तसं नाही. ती मला दीदी म्हणते. डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाईल.

इथे न येण्याला तुम्ही गुडघ्यांचं कारण सांगता. चढ आहे, खरंच आहे. पण तुम्हांला कशाची भीती वाटते ते मला कळतं, बाबा. म्हणून काल तिला विचारलं, पलीकडे कोण आहे?

“हे आहेत ना. विजय नगरच्या घरी एकटेच. जेवलेही नसतील.”

तुम्हांला ती अजून विसरलेली नाही. अजून किती दिवस, ते कुणीच सांगत नाही. मंगळवारी, चार तारखेला, नर्मदा जयंती. त्याआधी पोचा. घराची किल्ली शेजारच्या सुरेखाकाकूंकडे द्या. चढावर मी हात धरीन. तुम्ही नावेतून आलात, असं ती म्हणेल. नाही म्हणू नका.

वाट पाहणाऱ्या दोघींतली एक,
चिन्मयी